अकरा दिवस गावाला जायचंय, घरात दोन कासवं आहेत, काय करू?

ताई, तुमचा प्रश्न दोनदा वाचला. थोडक्यात असा की मे महिन्यात तुम्ही अकरा दिवस गुहागरला सासरी जाताय, ठाण्याच्या फ्लॅटमध्ये दोन कासवं आहेत, कानामागे लाल पट्टा असलेली, चार वर्षांची, तळहाताएवढी, अडीच फुटी काचेच्या टाकीत, आणि टाकी पश्चिमेच्या बाल्कनीत. शेजारच्या काकू 'मी टाकत जाईन खाणं' म्हणाल्यात, मुलगा ऑनलाइन ऑटोमॅटिक फीडर शोधून बसलाय, आणि सासऱ्यांचं म्हणणं असं की सरळ गावी आणा आणि विहिरीत सोडा, विहिरीत कासव असलेलं चांगलंच. आणि शेवटी तुम्ही विचारलंय, ती अकरा दिवस खाण्यावाचून राहतील का?

आधी मी कोण ते सांगतो म्हणजे माझं किती ऐकायचं ते तुमचं तुम्हाला ठरवता येईल. डॉक्टर वगैरे नाही. पुण्यात २००६ पासून कासवं सांभाळतोय, सध्या घरात पाच आहेत, त्यातलं मी आणलेलं एकच, बाकीची चार 'आता मोठं झालंय, तुम्हीच ठेवा' म्हणून आलेली. शिवाय दर मे महिन्यात आणि दिवाळीत ओळखीपाळखीच्या लोकांची अजून चार-सहा राहायला येतात, बायको त्याला पाळणाघर म्हणते आणि फी घेत नाही म्हणून मला बोलते.

तर राहतील का? राहतील. तुमच्या कासवांच्या वयाचं, अंगानं भरलेलं कासव आठवडाभर काहीही न खाता आरामात राहतं, अकरा दिवसांनीही त्याला फारसं काही होत नाही. थंड रक्ताचा प्राणी आहे, आपल्यासारखं अंग गरम ठेवायला त्याला सारखं इंधन लागत नाही. पण खरा प्रश्न खाण्याचा नाहीच. मालक गावाला गेलेला असताना कासव दगावल्याच्या जेवढ्या गोष्टी मी बघितल्या किंवा ऐकल्या त्यात उपाशी मेलेलं एकही नाही. उन्हानं मेलेली आहेत, घाण पाण्यानं आजारी पडलेली आहेत, टाकीतून बाहेर पडून कुठेतरी अडकलेली आहेत, आणि शेजाऱ्यांच्या मायेनं गोत्यात आलेली तर भरपूर आहेत. त्यामुळे अकरा दिवस 'कोण खायला घालेल' यापेक्षा अकरा दिवस 'काय काय बिघडू शकतं' असा विचार करा.

हे सगळं तुमच्या केसपुरतं हं. कासव एक-दीड वर्षाच्या आतलं, दोन-अडीच इंचाचं असतं तर मी सांगितलं असतं की दोन-तीन दिवसांच्या वर एकटं ठेवू नका, कुणाकडे तरी नेऊन द्या. नुकतंच आजारातून उठलेलं असेल तरी तेच. आणि मादी सहा-सात इंचांच्या पुढे गेलेली असेल, सारखी बाहेर पडायला बघत असेल, मागच्या पायांनी उकरल्यासारखं करत असेल, खाणं सोडलं असेल तर पोटात अंडी असू शकतात, नर नसला तरी होतात, अशा वेळी आधी डॉक्टरला दाखवायचं आणि मग गावाचं बघायचं. तुमची तेवढी मोठी नाहीत. पण नर की मादी हे एकदा बघून घ्या, पुढच्या पायांची नखं चांगली लांबलचक असतील तर नर. याचा संबंध पुढे येतो.

अजून एक. आपल्याकडे पाण्यातलं काय आणि जमिनीवरचं काय, दोघांनाही कासवच म्हणतात, त्यामुळे हे वाचणाऱ्या कुणाकडे जमिनीवरचं असेल तर त्याचं गणित वेगळं आहे. आणि ते जर पाठीवर पिवळ्या चांदण्या असलेलं स्टार कासव असेल तर ते घरात ठेवणंच १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याप्रमाणे गुन्हा आहे, वास्तूसाठी आणलंय, कुणी भेट दिलंय, हे चालत नाही. २०१९ पासून त्याचा आंतरराष्ट्रीय व्यापारही बंद आहे. तिथे सुट्टीत सांभाळणार कोण हा प्रश्नच नाही, वनखात्याच्या १९२६ नंबरवर फोन करायचा. तुमची आहेत ती रेड इअर्ड स्लायडर, मूळची अमेरिकेतल्या मिसिसिपी नदीच्या खोऱ्यातली, ॲक्वेरियमच्या दुकानात नाण्याएवढी मिळतात ती. बाकी ज्यांच्याकडे सुलकाटासारखं परदेशी जमिनीवरचं कासव आहे आणि रजिस्ट्रेशनचा कागदही आहे त्यांना एवढंच सांगतो की तुमचं काम सोपं आहे, सांभाळणाऱ्याला रोज मूठभर दूर्वा टाकायला सांगा, फुलवाल्याकडची नको, औषध न मारलेल्या जागेवरची, आणि एक दिवसाआड उथळ पाण्यात वीस मिनिटं बसवायला सांगा, आणि बाल्कनीच्या कठड्याखालची फट बंद करा.

आता उन्हाचं, कारण तुमच्या प्रश्नातली मला सगळ्यात भीती वाटणारी गोष्ट म्हणजे ती पश्चिमेची बाल्कनी. माझं पहिलं कासव मी यातच घालवलं. २००९ चा मे, आम्ही पाच दिवस कोल्हापूरला गेलो होतो, टब बाल्कनीत सावलीत ठेवला होता, आणि ज्यांच्याकडे किल्ली दिली होती त्यांना मीच कौतुकानं सांगितलेलं की कासवाला ऊन लागतं. त्यांनी बिचाऱ्यांनी सकाळी दहाला येऊन टब दोन फूट सरकवला, उन्हात. सकाळचं ऊन कोवळं, चांगलं वाटलं असेल. दुपारी तीनला तिथे पश्चिमेचं ऊन येतं हे त्यांना कसं माहीत असणार, माझ्या बाल्कनीचं ऊन मलाच माहीत. संध्याकाळी आम्ही परत आलो, मी हात घातला तर पाणी आंघोळीला काढतो तसं होतं, सूर्य कलल्यानंतर दोन तासांनीसुद्धा. कासव एका कोपऱ्यात भिंतीला नाक लावून होतं, चारही पाय पसरलेले. त्यांची चूक नव्हती. मी त्यांना अर्धीच गोष्ट सांगितली होती, की ऊन लागतं, पण उन्हातून पळायला सावलीही लागते हे सांगितलं नव्हतं. नदीत कासव तापलं की बुडी मारून खाली गारव्याला जातं. टबात खाली काय, वर काय, सगळं सारखंच तापतं.

या जातीला साधारण २४ ते २७ डिग्री पाणी मानवतं, मेमध्ये आपल्याकडे २९-३० होतं तेही चालवून घेतात, पण ३५ च्या पुढे गेलं की काम बिघडायला लागतं. म्हणून पहिलं काम, टाकी बाल्कनीतून आत घ्या. हॉलमध्ये, जिथे दिवसभरात कधीच थेट ऊन येत नाही अशा भिंतीशी. ठाण्यात बंद फ्लॅटसुद्धा मेमध्ये भट्टी होतो, त्यामुळे जाळी असलेली एखादी खिडकी उघडी राहील असं बघा, पंखा एक नंबरवर चालू ठेवून गेलात तरी चालेल. ऊन अकरा दिवस मिळालं नाही तर काही होत नाही. यूव्हीबीचा, म्हणजे उन्हाच्या जागी लावतात तो, दिवा असेल तर टायमरच्या सॉकेटवर दहा-बारा तासांवर लावा, आणि गरम करणारा पिवळा बल्ब असेल तर तो मेमध्ये सरळ काढून कपाटात ठेवा. नुसता क्लिपवर लटकवलेला गरम बल्ब आणि घरात कुणी नाही हे मला कधीच पटत नाही, क्लिप सुटून पाण्यात किंवा पडद्यावर पडायला एक पाल पुरते.

मग पाण्याचं. अडीच फुटी टाकी, म्हणजे तुम्ही अर्धी भरत असाल तर पन्नास लिटरच्या आसपास पाणी. रागावू नका, पण दोन कासवांना हे कमी आहे. पाठीच्या दर इंचामागे चाळीसेक लिटर असा एक ढोबळ हिशोब आहे, तो आपल्याकडे फ्लॅटमध्ये कुणालाच पूर्ण जमत नाही, मलाही जमत नाही, पण पाणी जितकं कमी तितकं ते लवकर खराब होणार. तुम्ही घरी असता तेव्हा तिसऱ्या-चौथ्या दिवशी बदलता म्हणून चालून जातं. अकरा दिवस ते चालणार नाही. पाणी बदलायचं काम काकूंना सांगू नका, एवढ्या बादल्या कोण उपसणार, आणि घसरून त्याच पडल्या तर अजून निराळं.

मी काय करतो सांगतो. गणपती घरी विसर्जन करायला आपण मोठा प्लॅस्टिकचा टब आणतो ना, शंभर-दीडशे लिटरचा, तो बहुतेक घरांत माळ्यावर पडलेला असतो. तो काढा, साबण न लावता नुसता घासून धुवा, हॉलमध्ये ठेवा, आणि एक कासव त्यात आणि एक टाकीत असं करा. दोन फायदे. एक म्हणजे पाणी दुप्पट-तिप्पट झालं आणि प्रत्येक भांड्यात घाण करणारा एकच राहिला. दुसरा फायदा मोठा आहे आणि तो लोकांच्या लक्षात येत नाही, की भुकेली दोन कासवं एका टाकीत असली की चावतात. एरवी गुण्यागोविंदानं राहणारी, एकमेकांच्या पाठीवर चढून झोपणारी, पण पाच दिवस खाणं कमी झालं की समोर हलणारं शेपूट किंवा मागच्या पायाचं बोट त्यांना खाणंच वाटतं. आणि त्यातलं एक नर, एक मादी असेल तर नर तिच्या तोंडासमोर नखं फडफडवत मागे लागतो, तिला पळायला जागा नसते, तुम्ही घरी असता तेव्हा हे हटकता, तुम्ही नसताना कोण हटकणार. वेगळं ठेवलं की प्रश्न मिटला.

टबात चढून बसायला जागा पाहिजेच, ती नसेल तर कासव सतत पोहून थकतं. दोन विटा आणि त्यावर कडप्प्याचा तुकडा, पाण्याच्या जरासा वर, एका बाजूनं तिरका म्हणजे चढता येईल. नुसती वीट वर ठेवू नका, खरखरीत असते, पोटाकडचं कवच घासतं. आणि विटा हलवून बघा, कासव खाली घुसल्यावर ढासळली तर ते खाली अडकून बुडतं, पाण्यातलं असलं तरी त्याला श्वास हवेतूनच घ्यायचा असतो. पाणी पाठीच्या रुंदीपेक्षा जास्त खोल हवं, म्हणजे उलटं पडलं तर सरळ होता येतं. आणि कडप्पा टबाच्या कडेला चिकटून नको, मधोमध.

मधोमध का, तर त्यावरून चढून बाहेर पडतात. लोकांना वाटतं कासव काय पळणार. माझ्याकडे एका पाहुण्या कासवानं फिल्टरच्या पाइपला पाय लावून उडी टाकली होती, आम्ही दोन दिवस सगळं घर पालथं घातलं, मिळेना, सहाव्या दिवशी वॉशिंग मशीन सरकवलं तर मागे, अंगावर कपड्यांच्या धाग्यांची गोधडी पांघरून बसलेलं, डोळे खोल गेलेले. जगलं ते. पण असं कोरडं पडलेलं कासव सापडलं तर एकदम टाकीत सोडायचं नाही हे काकूंना नक्की सांगा, त्याच्यात पोहायचं त्राण नसतं, बुडून जातं. हनुवटीपर्यंत येईल एवढ्याच कोमट पाण्यात तासभर ठेवायचं आणि मग तुम्हाला फोन. कडेपासून पाण्यापर्यंत कमीत कमी एक वीत मोकळी ठेवा, अर्धी नव्हे, पूर्ण, वर जाळी किंवा जुनं बेकिंगचं रॅक बांधून टाका. झाकण बंद नको, हवा पाहिजे.

फिल्टर टाकीला असेलच, टबालाही एक स्पंजचा छोटा लावा, फार महाग नसतो. पण एक लक्षात ठेवा, फिल्टर घाण गायब करत नाही. त्याच्या स्पंजात जे चांगले बॅक्टेरिया असतात ते घाणीतला अमोनिया पचवतात, आणि त्यांना सतत वाहतं पाणी लागतं. लाइट अर्धा दिवस गेली तर ते मरायला लागतात आणि लाइट आल्यावर बंद डब्याचा फिल्टर तोच कुजका रेंदा परत पाण्यात ओकतो. ठाण्यात तुमच्याकडे लाइट फार जात नसेल तर सोडून द्या, पण मेच्या शेवटी वळवाच्या पावसात केबल उडतात तेव्हा काकूंना एवढं सांगून ठेवा की सहा-सात तासांच्या वर लाइट गेली तर फिल्टरचं बटण बंद करून टाका, परत चालू करू नका, मी आल्यावर बघेन. फिल्टर बंद आणि खाणंही बंद, असं चालतं. फिल्टर बंद आणि खाणं चालू, हे मात्र नाही.

आणि इथेच ती महत्त्वाची युक्ती. घाण कुठून येते? खाण्यातून. म्हणून निघायच्या तीन दिवस आधी खाणं बंद करा. हो, बंद. पोट रिकामं होतं, जी काय घाण व्हायची ती तुम्ही घरी असताना होते, मग निघायच्या आदल्या दिवशी टाकीतलं निम्मं-पाऊण पाणी बदला आणि फिल्टरचा स्पंज काढलेल्या जुन्या पाण्यातच पिळून परत लावा, नळाखाली नको, नळाच्या क्लोरिननं ते बॅक्टेरिया मरतात. टबासाठीचं पाणी दोन दिवस आधी भरून ठेवा म्हणजे क्लोरिन उडून जातं. हे सगळं आदल्या दिवशी, निघायच्या सकाळी नको. निघायच्या सकाळी बॅगा, डबे, पोरं, गॅसचं रेग्युलेटर, त्यात पाणी बदलायला घेतलं की काहीतरी राहतंच, मी एकदा फिल्टरचा प्लगच लावायचा विसरलो होतो, खेड शिवापूरच्या टोलनाक्यावर आठवलं.

आता काकू. तुमच्या काकूंना मी ओळखत नाही, पण त्यांच्यासारख्या दहा काकू-मावश्या-आजोबा बघितलेत, सगळी चांगली माणसं, आणि सगळ्यांचा घात एकाच गोष्टीनं होतो. ही जात माणूस दिसला की काचेवर येऊन पाय आपटते, मान ताणते, तोंड उघडते. पोट टम्म भरलेलं असलं तरी. आपल्याला माहीत असतं की हे नाटक आहे. काकूंना वाटतं बिचारं उपाशी आहे, आणि घरचे माझ्या भरवशावर टाकून गेलेत. मग चिमूटभराची मूठ होते, आणि वरून चपातीचा तुकडा, भाताची शितं. माझ्या एका मित्राच्या घरी नऊ दिवसांत अख्खा डबा संपवला होता, तो गावाहून आला तेव्हा लिफ्टचं दार उघडताच वास आला, टाकीतलं पाणी ताकाच्या कढीसारखं, फिल्टर तुंबून बंद, आणि कासवाचे डोळे सुजून मिटलेले. बरं व्हायला दीड महिना गेला.

म्हणून डबा द्यायचाच नाही. वैद्य औषध देतात तशा कागदाच्या पुड्या करायच्या. अकरा दिवसांत तीन वेळा खाणं पुरे, म्हणजे चौथ्या, सातव्या आणि दहाव्या दिवशी, दोन कासवांच्या मिळून सहा पुड्या. एका पुडीत किती? कासवाचं डोकं जेवढं आहे तेवढ्या जागेत मावतील एवढेच दाणे, दहा-बारा होतात, बघायला अगदी केविलवाणे दिसतात, दिसू देत. पुडीवर तारीख आणि 'टब' किंवा 'टाकी' असं पेननं लिहा, एका डब्यात घालून टाकीजवळ ठेवा, आणि मोठा डबा तुमच्या कपाटात कुलपात. कुलपात म्हणजे खरंच कुलपात. काकूंना नक्कीच काहीतरी जास्त द्यावंसं वाटणार, त्यासाठी मार्ग मोकळा ठेवा, त्यांना सांगा की जास्वंदीचं एक पान किंवा फूल रोज टाकलंत तरी चालेल, औषध न मारलेलं, त्यांच्या देवाला येत असेलच. त्यानं पाणी फार बिघडत नाही, कासव कुरतडत बसतं, आणि काकूंचाही जीव शांत. दुसऱ्या दिवशी उरलेलं पान काढायचं तेवढं. खाणं नेहमी पाण्यातच टाकायचं, बाहेर कडप्प्यावर नाही, ही जात पाण्याशिवाय घास गिळू शकत नाही.

रोज येऊन काकूंनी काय बघायचं? दोन मिनिटांचं काम आहे. दोन्ही कासवं दिसतायत का, पाण्याची पातळी खाली गेलीय का, फिल्टरचा आवाज येतोय का, पाण्याला हात लावून बघायचं की कोमटसुद्धा नाही ना. आणि कासव एका अंगावर कलून पोहतंय, नाकातून बुडबुडे येतायत, तोंड उघडून श्वास घेतंय असं दिसलं तर तुम्हाला व्हिडिओ, कारण हे फुप्फुसाचं असू शकतं आणि त्याला थांबायचं नसतं. नंतर साबणानं हात धुवायचे. हे नुसतं स्वच्छतेचं नाही, कासवांच्या अंगावर साल्मोनेला नावाचा पोट बिघडवणारा जंतू असतो, याच कारणानं अमेरिकेत १९७५ पासून चार इंचांपेक्षा लहान कासवं पाळायला विकायला बंदी आहे. काकूंच्या घरी लहान नातवंड येत असेल तर त्याला टबात हात घालू देऊ नका म्हणावं, आणि टाकीचं काही स्वयंपाकघरातल्या सिंकमध्ये धुवायचं नाही.

हे सगळं तोंडी सांगून उपयोग नाही. आधीच्या आठवड्यात काकूंना एकदा बोलवा, चहा करा, आणि त्यांच्या हातूनच एक पुडी टाकून घ्या. जमलं तर एक शनिवार-रविवार तुम्ही कुठेतरी जाऊन या आणि काकूंना सगळं करू द्या, दोन दिवसांत काय राहिलं ते कळतं, दाराचं वरचं कुलूप त्यांना उघडता येत नाही इथपासून. वरच्या मजल्यावर आठवी-नववीतलं एखादं उत्साही पोर असेल तर त्याला काकूंच्या जोडीला द्या, व्हिडिओ ते काढेल.

फीडर घेऊ नका असं माझं मत, निदान या वेळी तरी. मशीन वाईट नाही, पुण्यात थंडीत मी वापरून बघितलंय, पण ठाण्याच्या मेमधल्या दमट हवेत दाणे सादळून तोंडाशी गच्च बसतात, मग दोन दिवस काही पडत नाही आणि तिसऱ्या दिवशी ढेकूळ सुटून एकदम सगळं पडतं. शिवाय फीडरला कासव बाहेर पडलंय हे दिसत नाही. दुकानात ते पांढरे हॉलिडे ब्लॉक मिळतात, पाण्यात टाकला की आठवडाभर विरघळत राहतो, ते माशांसाठी असतात, आपलं कासव पहिल्याच दिवशी त्याचा चावून चुरा करतं, तेही नको. साधा वायफायचा कॅमेरा घेतलात तर त्यात पैसे घाला, टब आणि टाकी दोन्ही दिसतील असा लावा. पण तासातासाला बघत बसू नका, कासव चार तास हललं नाही तर ते झोपलेलं असतं.

सासऱ्यांच्या विहिरीचं जरा सांभाळून सांगावं लागेल. त्यांचं म्हणणं खोटं नाही, कोकणात विहिरीत कासव असतंच, पण ते आपलं इथलं, काळपट किंवा मऊ पाठीचं, आणि तेही कायद्यानं संरक्षित आहे. स्लायडर बाहेरून आलेलं आहे, जगातल्या सगळ्यात उपद्रवी शंभर परक्या जातींच्या आंतरराष्ट्रीय यादीत त्याचं नाव आहे, ते इथल्या कासवांच्या खाण्यावर आणि बसायच्या जागेवर कब्जा करतं. आणि हे सगळं बाजूला ठेवलं तरी चिरेबंदी विहिरीच्या सरळ भिंतीवर त्याला चढून बसायला जागा कुठे आहे? आणि अकरा दिवसांनी तुम्ही ते विहिरीतून परत काढणार कसं, ते वर येऊन हाकेला ओ देणार नाही. सासऱ्यांना एवढं शेवटचंच विचारा, बाकीचं सांगायची गरज पडणार नाही.

बरोबर न्यायचं म्हणाल तर नेता येतं, मी नेलीयत. पाण्यात नाही न्यायचं, गाडीत पाणी हिंदकळून ती आपटतात, भोकं पाडलेल्या क्रेटमध्ये ओला पंचा अंथरून, प्रत्येकाला वेगळं. सात-आठ तासांचा प्रवास त्यांना झेपतो. पण मुंबई-गोवा हायवेवर सात-आठ तासांचे किती होतील ते तुम्हाला माझ्यापेक्षा जास्त माहीत, आणि जेवायला थांबलात तर बंद गाडीत मेमध्ये दहा मिनिटंसुद्धा नको. जाऊन-येऊन दोनदा हे करायचं आणि तिथे टब, कडप्पा, क्लोरिन नसलेलं पाणी, मांजरं, कावळे हे सगळं परत उभं करायचं. अकरा दिवसांसाठी मी नेणार नाही. महिनाभर जाणार असता तर वेगळं सांगितलं असतं, तेव्हा एखाद्या जाणत्याकडे सोडा, पण त्याच्या कासवांत मिसळू न देता, स्वतःच्या टबासकट. माझ्याकडे येणाऱ्यांना मी हाच नियम लावतो, कुणाची जाळीही दुसऱ्याच्या टबात जात नाही.

आणि एक फोन निघायच्या आधीच करून ठेवा. कुत्र्या-मांजरांचे डॉक्टर पुष्कळ असतात, कासव बघणारे कमी. ठाण्यात जवळ कोण बघतं ते आत्ताच विचारून ठेवा, नाहीतर परळचं जनावरांचं हॉस्पिटल, आपलं बैलघोडा हो, तिथे फोन करून सरपटणारे प्राणी कुठल्या वेळी बघतात ते विचारून घ्या. तो नंबर आणि पाचशेच्या दोन-चार नोटा एका पाकिटात घालून काकूंकडे द्या. 'लागलं तर करा, मी देईन' म्हटलं की माणसं संकोचानं थांबतात, आणि तो एक दिवस जातो.

म्हणजे तुमचं वेळापत्रक असं, की आदल्या आठवड्यात टब उभा करा, काकूंची तालीम घ्या आणि पुड्या बांधा, तीन दिवस आधी खाणं बंद, दोन दिवस आधी टबात पाणी भरा, आदल्या दिवशी टाकीचं पाणी बदला, एक कासव टबात हलवा आणि त्या रात्री ते तिथे नीट चढून बसतंय ना ते बघा. हे शेवटचं विसरू नका, नव्या टबात पहिल्या रात्रीच काय ते कळतं. निघायच्या सकाळी फक्त प्लग बघायचे.

परत आल्यावर लगेच खायला घालू नका, पोरं धावतील डबा घेऊन. आधी पाणी बदला, दोघांचे डोळे, नाक, पाठ, शेपूट बघा, दुसऱ्या दिवशी निम्मं खाणं द्या, मग नेहमीसारखं. दोघांना एकत्र केलंत तर पहिला तासभर समोर बसा. पुड्यांचे रिकामे कागद मोजा, काकूंवर संशय म्हणून नाही, किती खाल्लं ते कळावं म्हणून.

काकूंना गावाहून काजू आणा. फणसाचे गरे आणणार असाल तर पुढच्या वेळच्या आधी त्यांच्याकडे ठेवू नका, त्यातलाही एक टाकीत जाईल.